धरणाच्या वरच्या अंगाला

मुरबाड तालुक्याच्या पूर्वेकडे, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून सिद्धगड उभा आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी याच डोंगराच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेव्हापासून ठाणे-रायगडकडे सिद्धगडाचं नाव या हुतात्म्यांच्या नावांसोबतच घेतलं जातं. आज हा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. पावसाळ्यात इथल्या कड्यांवरून कोसळणारं पाणी ओढ्याओढ्यांनी खाली उतरतं आणि मुरबाडच्या नद्यांवाटे उल्हास नदीच्या खोऱ्यात जातं. कल्याणपासून पुढे लाखो माणसं याच खोऱ्यातलं पाणी पितात.

उत्तरेला शेजारी शहापूर तालुका. तिथल्या पाण्याचा हिशेब तर महानगराच्या भाषेतच मांडावा लागतो. तानसा धरण 1892 चं, मोडकसागर 1957 चं. पुढे भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला रोज जवळपास 400 कोटी लिटर पाणी लागतं आणि त्यातलं निम्मं एकट्या भातशातून येतं. मुरबाडच्या दुसऱ्या बाजूला बारवी धरण आहे. ते औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे एमआयडीसीचं. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांतल्या घरांना एकाच धरणातून पाणी जातं. एवढं पाणी राखणाऱ्या शहापूरच्या कित्येक पाड्यांवर मात्र एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते.

या दोन तालुक्यांचं मोल फक्त पाण्याच्या साठ्यात मोजून चालत नाही. इथलं पाणी अजूनही बऱ्याच अंशी जंगलातून येतं. तानसा अभयारण्य आणि भीमाशंकरची रांग यांच्यामुळे धरणांच्या वरच्या अंगाला मोठे कारखाने उभे राहिले नाहीत. पाणी शुद्ध राखण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि एका विशिष्ट जातीच्या रसायनांपुरतं बोलायचं तर जवळजवळ एकमेव मार्ग आहे. ती रसायनं एकदा पाण्यात शिरली की तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन यांतल्या कशालाच जुमानत नाहीत. त्यांना जगभर ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणतात. शास्त्रीय नावांच्या आद्याक्षरांवरून त्यांचं नाव पडलं ‘पीफास’.

एका पांढऱ्या भुकटीचा शोध

6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनतज्ज्ञ शीतकरणाच्या वायूंवर काम करत होता. एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना. नळकांडं कापलं तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी सापडली. तिला काही चिकटत नव्हतं, आम्लानं ती विरघळत नव्हती, उष्णतेनं सहजी बिघडत नव्हती. हेच पुढे टेफ्लॉन म्हणून घराघरांत पोहोचलं.

या गुणांचं कारण कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातल्या बंधात आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एकेरी बंधांमध्ये हा सर्वांत बळकट. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनचे अणू दाटीनं बसले की ती साखळी पाण्यालाही दूर लोटते आणि तेलालाही. कपड्यावर पाणी ठरत नाही, कागदाच्या वेष्टनातून तेल पाझरत नाही, तव्याला आंबोळी चिकटत नाही. तेलाची आग विझवणाऱ्या फेसात, पावसाळी जाकिटांच्या लेपात, धातूचा मुलामा देण्याच्या उद्योगात, चिप बनवण्याच्या कारखान्यात ही रसायनं शिरली. आज या कुळात 10,000 हून अधिक संयुगं मोजली जातात.

निसर्गात बहुतेक सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जीवाणू असतात. या बंधापुढे त्यांचं फारसं काही चालत नाही. ऊन, पाऊस, माती यांनीही तो सुटत नाही. माणसाच्या शरीरात गेलेलं पीएफओए हे संयुग रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण अडीच ते चार वर्षं लागतात. पीएफओएस या त्याच्या भावंडाला आणखी जास्त. पाण्यातून रोज थोडंथोडं जात राहिलं की रक्तातला साठा पाण्यातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट वर जातो. म्हणून या रसायनांच्या बाबतीत ‘थोडंसंच तर आहे’ हा दिलासा लागू पडत नाही.

ओहायो नदीकाठची साक्ष

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग गावाजवळ ड्यूपॉन्टचा कारखाना होता. टेफ्लॉन बनवताना तिथे 1951 पासून पीएफओए वापरलं जाई. कारखान्याचा कचरा जिथे पुरला जात होता, त्याच्या खालच्या ओढ्यावर एका शेतकऱ्याची गुरं चरत. ती एकामागून एक मरू लागली. त्यानं रॉब बिलॉट या वकिलाला गाठलं. बिलॉट तोवर रासायनिक कंपन्यांच्याच बाजूनं खटले लढवत असे. 1999 मध्ये त्यानं कंपनीवर दावा लावला. न्यायालयाच्या आदेशानं कागदपत्रांची खोकीच्या खोकी बाहेर आली. आसपासच्या गावांच्या नळाच्या पाण्यात पीएफओए असल्याचं कंपनीला 1984 मध्येच कळलं होतं, हे त्यातून उघड झालं.

पुढे जे घडलं ते सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे. 2004 च्या तडजोडीतून मिळालेल्या पैशातून तिथल्या सुमारे 69,000 रहिवाशांचं रक्त तपासलं गेलं. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळानं अनेक वर्षं अभ्यास केला. 2012 पर्यंत त्यांनी सहा विकारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध असल्याचा निर्वाळा दिला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. 2017 मध्ये सुमारे साडेतीन हजार दावे 67 कोटी डॉलरना मिटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2023 अखेर पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग काळाचा आहे. वापर सुरू झाला 1951 मध्ये आणि देशभर लागू होणारी पिण्याच्या पाण्याची मर्यादा आली 2024 मध्ये. मधली 73 वर्षं नळातून येणारं पाणी त्या त्या काळच्या देशव्यापी कायद्याप्रमाणे ‘पिण्यायोग्य’च होतं.

ट्रिसिनो ते लोटे परशुराम

मराठी वाचकाला या विषयाशी सरळ जोडणारी कहाणी इटलीत सुरू होते. उत्तर इटलीत विचेन्झाजवळ ट्रिसिनो नावाचं गाव आहे. तिथे 1960 च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगानं फ्लोरिनयुक्त रसायनांचं संशोधन सुरू केलं. कापडावर पाणी आणि डाग ठरू नयेत, हा हेतू. 1988 मध्ये मित्सुबिशी आणि एनी या कंपन्यांनी हा कारखाना घेतला आणि दोघांच्या नावांतून त्याचं नाव झालं मितेनी. 2009 मध्ये तो एका युरोपीय गुंतवणूकदार समूहाकडे गेला.

2013 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पाहणीत परिसरातल्या भूजलात आणि नळाच्या पाण्यात पीफास सापडलं. कारखाना एका मोठ्या भूजलसाठ्याच्या डोक्यावरच बसलेला होता. विचेन्झा, व्हेरोना आणि पादोवा या तीन प्रांतांतली सुमारे साडेतीन लाख माणसं बाधित क्षेत्रात होती. जलशुद्धीकरण केंद्रांवर घाईघाईनं कार्बनच्या गाळण्या बसवल्या गेल्या. काही वर्षांनी प्रादेशिक सरकारनं तरुण मुलांच्या रक्ताच्या तपासण्या सुरू केल्या. पोरांच्या रक्तातले आकडे हातात आले तेव्हा त्यांच्या आया रस्त्यावर उतरल्या. ‘मम्मे नो पीफास’ ही त्यांची चळवळ. मितेनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. 26 जून 2025 रोजी विचेन्झाच्या न्यायालयानं तिच्याशी संबंधित 11 माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्यांच्या शिक्षांची बेरीज 141 वर्षं होते.

कारखाना बंद पडला, पण त्याची यंत्रसामग्री आणि पेटंटं भंगारात गेली नाहीत. 2019 मध्ये त्यांचा लिलाव झाला. लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीच्या विवा लाइफसायन्सेस या उपकंपनीनं ती विकत घेतली. यंत्रं सुटी करून जहाजानं महाराष्ट्रात आणली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत नव्यानं उभी राहिली. लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत.

यंत्रं इटलीची म्हणून तिथला गुन्हाही त्यांच्याबरोबर आला, असा निष्कर्ष काढणं न्याय्य नाही. फ्लोरिनयुक्त संयुगं औषधं आणि शेतीची रसायनं बनवायला लागतात, ती सगळी सारखी घातक नसतात, आणि कारखाना कसा चालवला जातो यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण याच कारणासाठी देखरेख करणाऱ्याच्या हातात मोजपट्टी हवी. इटलीत 2013 नंतर लोकांनी आणि न्यायालयांनी ज्या गोष्टी मोजून घेतल्या, त्यांच्यासाठी आपल्या कायद्यात रकानाच नाही. लोट्याच्या बाबतीत खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ही आहे.

किती म्हणजे जास्त?

पीफासचे आकडे नॅनोग्रॅममध्ये येतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2016 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस मिळून लिटरमागे 70 नॅनोग्रॅमपर्यंतचं पाणी चालेल असा सल्ला दिला होता. 2022 मध्ये पीएफओएसाठी हाच सल्ला 0.004 नॅनोग्रॅमवर आला. एप्रिल 2024 मध्ये कायदेशीर मर्यादा ठरली, ती दोन्ही संयुगांसाठी प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम.

हा 4 चा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे. आरोग्याच्या दृष्टीनं त्याच संस्थेनं ठेवलेलं लक्ष्य शून्य आहे. पण शून्य मोजता येत नाही. देशभरातल्या प्रयोगशाळा खात्रीनं मोजू शकतील अशी सर्वांत खालची पातळी 4 होती, म्हणून कायद्यात 4 आला. मे 2025 मध्ये तिथल्या नव्या प्रशासनानं या दोन संयुगांच्या मर्यादा कायम ठेवत अंमलबजावणीची मुदत 2029 वरून 2031 पर्यंत लांबवण्याचं जाहीर केलं आणि इतर चार संयुगांवरचे नियम मागे घेण्याचा इरादा सांगितला. विज्ञान एका दिशेनं सरकत असताना राजकारण दुसरीकडे ओढू शकतं, ते असं.

युरोपीय संघानं वेगळी वाट धरली. 2020 च्या पेयजल निर्देशानुसार 20 ठरावीक संयुगांची बेरीज लिटरमागे 100 नॅनोग्रॅमच्या आत हवी, किंवा एकूण पीफास 500 च्या आत. सदस्य देशांना 12 जानेवारी 2026 पासून हे पाळणं बंधनकारक झालं. डेन्मार्कनं त्याआधीच चार प्रमुख संयुगांच्या बेरजेला 2 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली होती.

बेरजेची पद्धत का महत्त्वाची, याचं उत्तर अमेरिकेतच मिळतं. पीएफओए बदनाम झाल्यावर उद्योगानं त्याच्या जागी जेनएक्स हे आखूड साखळीचं संयुग आणलं. 2017 मध्ये तेच संयुग नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत आणि विल्मिंग्टन शहराच्या नळात सापडल्याचं लोकांना कळलं. एका रसायनावर बंदी घालायची, मग त्याच्या भावंडाची चौकशी सुरू करायची, या गतीनं 10,000 संयुगांचा निकाल लागायला शतकं जातील. म्हणून जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी 2023 च्या सुरुवातीला संपूर्ण कुळावरच निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपपुढे ठेवला.

हे आकडे आपल्या पाण्यावर ठेवून पाहू. भातसा जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे 71,700 कोटी लिटर आहे. हा सगळा साठा अमेरिकेच्या 4 नॅनोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत पोहोचवायला किती पीएफओए पुरेल? गुणाकार केला तर उत्तर येतं तीन किलोपेक्षाही कमी. मुंबईची निम्मी तहान भागवणारा जलाशय, आणि एका पिशवीत मावेल एवढी भुकटी. भातशाच्या पाणलोटात असा कारखाना नाही, हे आपलं भाग्य. पण एखाद्या नदीच्या वरच्या अंगाला कोणता उद्योग बसवायचा, हे ठरवताना हा गुणाकार आधी करायला हवा.

आपला नियम काय पाहतो

भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं आयएस 10500. सध्याची आवृत्ती 2012 ची. जलजीवन मिशननंही तेच प्रमाण मानलं आहे. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं यांच्यासोबत त्यात काही टिकाऊ कृत्रिम रसायनंही आहेत: डीडीटीला लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम, एंडोसल्फानला 0.4 मायक्रोग्रॅम, शिवाय लिंडेन आणि पीसीबी. निसर्गात न विरणाऱ्या रसायनांचा विचार आपल्या मानकाला नवा नाही. डीडीटीचं उत्पादन तर रायगड जिल्ह्यात रसायनी इथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कारखान्यात झालेलं आहे. पीफास मात्र 2012 च्या त्या यादीत नाही.

आंतरराष्ट्रीय आघाडीवरही हीच स्थिती. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात भारत 2006 पासून सहभागी आहे. करारात पीएफओएस 2009 मध्ये आलं, पीएफओए 2019 मध्ये आणि त्याच कुळातलं पीएफएचएक्सएस 2022 मध्ये. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं करारातल्या आणखी सात रसायनांना मान्यता दिली. त्या सातांत पीफास कुळातलं एकही नव्हतं.

गावपातळीवर पाण्याची राखण कशी होते? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत, टाकीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकतो, ओटी टेस्टनं क्लोरीन पाहतो, नमुने तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवतो. पाणवठ्याच्या स्वच्छतेनुसार गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संच देऊन आम्लता, कठीणपणा, नायट्रेट, लोह, फ्लोराइड तपासायला शिकवलं गेलं. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी रोखणारी ही व्यवस्था मोलाची आहे. पण तिची रचना जंतू आणि क्षार पकडण्यासाठी झाली. गावाचं कार्ड हिरवं असताना पाण्यात पीफास असू शकतं.

कारखान्याच्या बाजूला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र असतं. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली ते मिळतं आणि सांडपाण्यात काय किती चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. सीओडी, म्हणजे सांडपाण्यातली रसायनं जाळायला लागणारा ऑक्सिजन, हा त्यातला नेहमीचा निकष. सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 250 मिलिग्रॅम. 250 मिलिग्रॅम म्हणजे 25 कोटी नॅनोग्रॅम. शिवाय कार्बन-फ्लोरिन बंध सीओडीच्या चाचणीतल्या तीव्र आम्लालाही सहज दाद देत नाही. त्यामुळे पीफास असलेलं सांडपाणी या चाचणीत बिनबोभाट उत्तीर्ण होऊ शकतं. संमतीपत्र पाळलं जातं आणि नदी बिघडते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जिथे नियम आहेत तिथेही ते मोडले जातात, हे उल्हासच्या खोऱ्याला कुणी सांगायला नको. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात टँकरनं रसायन ओतलं गेलं आणि उठलेल्या वायूनं झोपेतल्या वस्तीला रुग्णालय गाठावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर वनशक्ती या संस्थेनं राष्ट्रीय हरित लवादात दीर्घकाळ लढा दिला. त्या रात्रीच्या वायूनं निदान डोळे चुरचुरले, श्वास कोंडला, लोक जागे झाले. पीफासला वास नाही, चव नाही, रंग नाही. ते ओतलं गेलं तर कुणाचीही झोप मोडणार नाही.

वरच्या अंगाला राखण ठेवण्याचं एक साधन महाराष्ट्राकडे होतं. राज्याच्या नदी नियमन क्षेत्र धोरणानं नद्यांची वर्गवारी केली होती. पिण्याचं पाणी देणाऱ्या चांगल्या पात्रांपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना त्यामुळे मनाई होती. फेब्रुवारी 2015 मध्ये सरकारनं ते धोरणच रद्द केलं. अंतराचे नियम अतार्किक आहेत, आधुनिक शुद्धीकरणानं काम भागतं, असा युक्तिवाद त्यामागे होता. जैविक सांडपाण्यापुरता त्यात काही अर्थ असेलही. न विरणाऱ्या रसायनांसमोर तो टिकत नाही.

गाळण्याचा खर्च कुणाचा?

पांजरापूर आणि भांडुपच्या केंद्रांत मुंबईचं पाणी शुद्ध होतं. तुरटीसारख्या क्षारांनी गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचं, ही तिथली मूळ पद्धत. जगातली बहुतेक शहरं हेच करतात. पीफास या तिन्ही पायऱ्यांतून जसंच्या तसं पार होतं. घरी पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट किंचित वाढतं.

उपाय तीन आहेत. दाणेदार सक्रिय कार्बन, आयन बदलणारी राळ आणि आरओचा पडदा. कार्बन लांब साखळीची संयुगं चांगली धरतो; आखूड साखळीची लवकर निसटतात, म्हणून तो वारंवार बदलावा लागतो. आरओ दोन्ही अडवतो, पण अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्यात एकवटतं आणि गटारात, तिथून पुन्हा नदीत जातं. वापरलेला कार्बन पुरला तर रसायन झिरपतं, जाळायचा तर हजार अंशांहून अधिक तापमानाची भट्टी लागते. पीफास गाळता येतं, पण संपवणं फार कठीण असतं.

अमेरिकेत 3एम कंपनीनं 2023 मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना किमान 1,030 कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. ड्यूपॉन्ट आणि तिच्यातून निघालेल्या कंपन्यांनी सुमारे 118 कोटी. तरीही गाळण्या बसवण्याचा आणि दरवर्षी बदलण्याचा बराच बोजा तिथल्या नागरिकांच्या पाणीपट्टीवर पडतो आहे. मुरबाड-शहापूरच्या ग्रामपंचायतीला नळयोजनेचं वीजबिल भरताना नाकीनऊ येतात. तिथे कार्बनच्या गाळण्या कोण बसवणार आणि कोण बदलणार? श्रीमंत घर आरओ घेईल, बाटलीबंद पाणी आणेल. ठाकर-कातकरी वाडीवरची बाई विहिरीचंच पाणी भरेल. पिण्याच्या टोकाला नियम घातला की त्याचा खर्च पिणाऱ्यावर पडतो. कारखान्याच्या तोंडाशी घातला की बनवणाऱ्यावर. न्याय कशात आहे, हे वेगळं सांगायला नको.

आजच करता येण्याजोगं

2022 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या पावसाच्या पाण्याची आकडेवारी एकत्र केली. अंटार्क्टिका आणि तिबेटच्या पठारावरच्या पावसातही पीएफओएचं प्रमाण अमेरिकेच्या त्याच वर्षीच्या सल्ल्यापेक्षा जास्त निघालं. गंगेच्या खोऱ्यातल्या नदीच्या आणि भूजलाच्या नमुन्यांत पीफास असल्याचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नईच्या जलस्रोतांत ते सापडल्याचं आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी दाखवलं. सह्याद्रीवरचा पाऊस या जगाबाहेरचा नाही. तो पूर्ण अस्पर्श असेल असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. त्यात वरून कारखान्यांची भर पडू न देणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पहिलं काम मोजणीचं. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, बारवी ही धरणं आणि काळू, उल्हास या नद्या यांच्या पाण्याचे नमुने आजच घेऊन आकडे जाहीर व्हायला हवेत. उद्या कुठे काही बिघडलं तर मुळात पाणी कसं होतं, हे सिद्ध करायला तोच पुरावा लागेल. ही तपासणी नाजूक असते. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न धरणारं जाकीट चालत नाही, नळाच्या जोडावर टेफ्लॉनची टेप चालत नाही, कारण तेवढ्यानंही आकडा बिघडू शकतो. त्यासाठी द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापी अशी जोड यंत्रं लागतात. प्रत्येक तालुक्याला ती परवडणार नाहीत, पण मुंबईच्या परिसरातल्या मोठ्या संस्थांना आणि महापालिकेला जड नाहीत.

दुसरं काम संमतीपत्राचं. कोणत्या कारखान्यात कोणती फ्लोरिनयुक्त संयुगं बनतात, वापरली जातात आणि बाहेर पडतात, हे नावानिशी त्यात लिहिलं गेलं पाहिजे आणि लोकांना वाचता आलं पाहिजे. लोटे, मुरबाड, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या वसाहतींना एकच नियम. तिसरं काम मानकाचं: आयएस 10500 मध्ये एकेका रसायनाऐवजी पीफास कुळाच्या बेरजेची मर्यादा. चौथं, स्टॉकहोम करारातल्या पीएफओएस, पीएफओए आणि पीएफएचएक्सएसच्या दुरुस्त्यांना मान्यता. आणि पाचवं, रद्द केलेल्या नदी नियमन धोरणाच्या जागी पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटांसाठी नवा, स्पष्ट कायदा. काळू आणि शाई नद्यांवरच्या नियोजित धरणांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. धरणाची भिंत किती उंच असावी यावर जेवढी कागदं खर्ची पडली, त्यांतली काही तरी त्या भिंतीच्या वरच्या अंगाला काय येऊ द्यायचं नाही यावर खर्ची पडावीत.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग आहे. पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीबद्दल बोलण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या ओढ्याचं, विहिरीचं पाणी पीफाससाठी तपासून द्या, असा ठराव ग्रामसभेनं करावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावा. मुंबई-ठाण्यात पाणीपट्टी भरणाऱ्या नागरिकानंही आपल्या महापालिकेकडे हाच प्रश्न लेखी विचारावा. इटलीतल्या आयांनी प्रश्न विचारला तेव्हा रसायन त्यांच्या मुलांच्या रक्तात उतरून बसलं होतं. भातसा-बारवीच्या काठच्या लोकांनी तो त्याआधी विचारला पाहिजे.